सिरोसिस किंवा हिपॅटायटिस बी असेल तर: लिव्हरची सहामाही सोनोग्राफी कशी करून घ्यावी

लिव्हरच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. दुखतं ते त्याच्यावरचं पातळ आवरण, आणि तेही ताणलं गेल्यावर. म्हणून दीड-दोन सेंटीमीटरची गाठ आत वाढत असली तरी माणूस कोळपणी करत असतो, आठवडी बाजार करत असतो, दोन भाकरी खाऊन झोपत असतो. मी मराठवाड्यात रोज पोटाची सोनोग्राफी करते. लिव्हरच्या कॅन्सरचे जे पेशंट पोट फुगल्यावर, डोळे पिवळे झाल्यावर किंवा अंगावरचं मांस उतरल्यावर माझ्या टेबलावर येतात, त्यांची गाठ तोवर आठ-दहा सेंटीमीटरची झालेली असते. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला सिरोसिस आहे (म्हणजे लिव्हर कडक, दाणेदार झालं आहे) किंवा हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे हे काही वर्षं आधीच कळलेलं असतं. दर सहा महिन्यांनी पोट तपासायला यायचं असतं, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ज्यांना नुकतंच असं निदान झालं आहे त्यांनी, आणि त्यांच्या घरच्यांनी, पहिल्या सोनोग्राफीपासून काय काय करायचं ते इथे क्रमाने लिहिते.

१. ही तपासणी तुम्हाला लागते का, ते आधी ठरवा

गाठ शोधण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सगळ्यांना लागत नाही. ती लागते मुख्यतः सिरोसिस झालेल्यांना. सिरोसिस दारूने झालेला असो, हिपॅटायटिस बी-सीने झालेला असो, की डायबेटिस आणि वाढलेल्या वजनासोबतच्या फॅटी लिव्हरने; कारण कुठलंही असलं तरी नियम एकच. ‘मी तर कधी दारूला शिवलो नाही, मला कसा लिव्हरचा कॅन्सर होईल’ असं म्हणणारे मामा-काका रोज भेटतात. त्यांना मी हेच सांगते.

हिपॅटायटिस बीची गोष्ट थोडी वेगळी आहे. या विषाणूमुळे सिरोसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून बी पॉझिटिव्ह पुरुषांनी चाळिशीनंतर आणि बायकांनी पन्नाशीनंतर सिरोसिस नसला तरी ही तपासणी सुरू करायची. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल तर वयाची वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टरांना विचारायचं. हिपॅटायटिस सीवर आता गोळ्यांचा कोर्स आहे, बहुतेकांना बारा आठवड्यांचा, आणि त्याने जवळजवळ सगळ्यांचा विषाणू पूर्ण जातो. पण तोवर सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही सोनोग्राफी सुरूच ठेवायची. इथे पुष्कळ जण चुकतात: ‘सी निगेटिव्ह आला’ म्हणून यायचे थांबतात.

नुसतं ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ असं लिहून आलं असेल तर त्यासाठी दर सहा महिन्यांनी पैसे घालवू नका. वजन, साखर आणि दारू यांकडे लक्ष द्या. दुसऱ्या टोकाला, सिरोसिस फारच पुढे गेलेला असेल आणि लिव्हर बदलणं शक्य नसेल, तर गाठ सापडूनही उपचार झेपत नाहीत. अशा माणसाला वारंवार टेबलावर आणायचं की नाही, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावं.

सिरोसिस आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर जुने कागद काढा. प्लेटलेट सतत दीड लाखाच्या खाली, सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली, एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या, फायब्रोस्कॅनमध्ये लिव्हर कडक. यातलं काही असेल तर ते कागद घेऊन फिजिशियनकडे जा. हिपॅटायटिससाठी रक्ताची एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन तपासण्या असतात. केंद्र सरकारचा हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्याखाली बी आणि सीच्या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. आपल्या जिल्ह्यातलं त्याचं केंद्र कुठे आहे, ते जिल्हा रुग्णालयात विचारा.

२. तारखा धरा: दसरा आणि पाडवा

सहा महिनेच का? लिव्हरच्या कॅन्सरची गाठ आकारमानाने दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेते. काहींची जोरात वाढते, काहींची सावकाश. पण आकारमान दुप्पट झालं तरी व्यास फक्त सव्वापट होतो. आज १ सेंटीमीटरची असलेली गाठ पुढच्या तपासणीला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास सापडते, म्हणजे अजून हातात असते. आता दोन वर्षं तपासणी चुकली असं धरा. पाच महिन्यांत दुप्पट या हिशेबाने तीच गाठ ३ सेंटीमीटरवर जाते आणि तीन वर्षांत ५ सेंटीमीटर ओलांडते. हे दोन आकडे लक्षात ठेवा. ३ सेंटीमीटरपर्यंतची गाठ सुई घालून जाळता येते, आणि लिव्हर बदलण्यासाठी एकाच गाठीची सर्वमान्य मर्यादा ५ सेंटीमीटर आहे. चुकलेल्या प्रत्येक तपासणीबरोबर यातला एकेक दरवाजा बंद होत जातो.

शांघायमध्ये हिपॅटायटिस बीची लागण किंवा जुनाट हिपॅटायटिस झालेल्या १८,८१६ लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला. साधारण निम्म्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एक रक्ततपासणी, बाकीच्यांना नेहमीसारखं. २००४ साली निष्कर्ष छापून आले: तपासणीच्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. त्या गटातल्या लोकांनीही ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्क्यांपेक्षा कमीच केल्या होत्या, तरी एवढा फरक पडला.

आपल्याकडे तारखा लक्षात राहण्याची अडचण खरी आहे, आणि बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या ऊसतोड कुटुंबांची तर जास्तच. कोयता घेऊन जोडी दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाते ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत येते. मधल्या काळात कुठली तपासणी आणि कुठलं काय. म्हणून मी सगळ्यांनाच एक साधी खूण देते: एक सोनोग्राफी दसऱ्याला, एक गुढीपाडव्याला. या दोन सणांमधलं अंतर सहा महिन्यांपेक्षा पंधरा दिवसांपर्यंत इकडेतिकडे असतं, तेवढं चालतं; अधिक महिना आला की मात्र दसरा महिनाभर लांबतो, त्या वर्षी तपासणी दसऱ्याच्या आधीच उरका. तोडीला जाणाऱ्यांनी उचल घेतली की गाडीत बसायच्या आधी एक तपासणी उरकायची, परत आलं की दुसरी. कारखाना उशिरा बंद झाला तर अक्षय तृतीयेपर्यंत करा, पण पावसाळ्यावर ढकलू नका. एकदा पेरणी सुरू झाली की दिवाळीशिवाय कुणी फिरकत नाही.

३. कुठे करायची

जिथे करायची तिथेच दर वेळी करायची, जमलं तर त्याच डॉक्टरांकडे. जुनी चित्रं नव्यांशी ताडून पाहता येणं हा या तपासणीचा अर्धा जीव आहे.

सरकारी ठिकाणं मराठवाड्यात आता बरीच आहेत: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय जिल्ह्या-जिल्ह्यातली रुग्णालयं. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत थोडी फी लागू शकते. गर्दी असते आणि तारीख पुढची मिळते, म्हणून दसऱ्याची तारीख भाद्रपदातच घेऊन ठेवा. खासगीत करणार असाल तर जवळच्या तालुक्याच्या गावी, पण पोटाची सोनोग्राफी नियमित करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे.

सोनोग्राफीचं नाव काढलं की आपल्या भागात अजूनही दोन माणसं दबक्या आवाजात बोलतात. त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याने सोनोग्राफी मशिनची आणि ते जिथे ठेवलंय त्या जागेची नोंदणी सक्तीची आहे, आणि ही सक्ती योग्यच आहे. त्यामुळे ‘मशिन घेऊन गावात या ना’ असं सरपंच कितीही आपुलकीने म्हणाले तरी ते करता येत नाही. तुम्हालाच नोंदणीकृत केंद्रावर यावं लागतं. लिव्हरच्या तपासणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

चिठ्ठीबद्दल एक आग्रहाचं सांगणं. नुसतं ‘यूएसजी ॲब्डोमेन’ (पोटाची सोनोग्राफी) लिहून घेऊ नका. ‘सिरोसिस आहे, लिव्हरमध्ये गाठ आहे का पाहावे’ असं डॉक्टरांना लिहायला सांगा. पोटदुखीसाठी केलेली सोनोग्राफी आणि गाठ शोधण्यासाठी केलेली सोनोग्राफी यांत नजर वेगळी लागते, वेळही जास्त लागतो. कशासाठी पाहायचंय हे ठाऊक असलेला डॉक्टर बरगड्यांमागचा प्रत्येक कोपरा धुंडाळतो.

४. आदल्या रात्री आणि सकाळी

सहा तास पोट रिकामं हवं. साधं पाणी आणि रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याने चालतात. ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की लोक आदल्या संध्याकाळपासून काही खात नाहीत, आणि सिरोसिसच्या माणसाला हे घातक आहे. त्याच्या लिव्हरमध्ये रात्रभराची शिदोरी साठत नाही, मग शरीर स्नायू जाळायला लागतं. म्हणून रात्री झोपताना काहीतरी खाऊनच झोपा आणि सकाळचा पहिला नंबर घ्या. गावातून निघणारी मुक्कामी एसटी पकडली की नऊच्या आत तालुक्याला पोहोचता येतं. सोबत डबा ठेवा, टेबलावरून उतरल्या उतरल्या खा. दसऱ्याच्या आधी नऊ दिवसांचे उपवास असतात. ते सिरोसिसच्या माणसाने धरूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅस हा आमचा मोठा शत्रू. ध्वनिलहरी हवेतून पार जात नाहीत, त्यामुळे आतड्यात गॅस असला की त्यामागचं लिव्हर दिसतच नाही. आदल्या दिवशी हरभरा, वाटाणा, हुरडा, कच्चा कांदा, सोड्याच्या बाटल्या टाळा. सकाळी तंबाखू, गुटखा, विडी नको. चघळताना हवा गिळली जाते.

डायबेटिस असेल तर सकाळची इन्सुलिन किंवा साखरेची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. ती सोबत आणा, तपासणी झाल्यावर खाण्याबरोबर घ्या, आणि याबद्दल आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांशी बोला. लघवी तुंबवून यायची गरज लिव्हरसाठी नाही. चिठ्ठीत ओटीपोटही लिहिलं असेल तरच.

जुने रिपोर्ट आणा, सगळे. इथे एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगते. सोनोग्राफीची काळी-पांढरी चित्रं ज्या कागदावर निघतात तो उष्णतेने छापणारा कागद असतो. पत्र्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, वैशाखातल्या उन्हात तो कागद दोन वर्षांत फिकट पडतो. काही जण जपून ठेवायचं म्हणून लॅमिनेशन करून आणतात, आणि त्या गरम रोलरखालून तो पूर्ण काळा होऊन बाहेर येतो. म्हणून रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी मुलाच्या किंवा नातवाच्या मोबाइलवर चित्रांचे आणि लिहिलेल्या पानाचे फोटो काढून ठेवा. केंद्राकडे सीडी किंवा फाइल मागितली तर आणखी चांगलं.

५. टेबलावर काय होतं

शर्ट वर, पोटावर गार जेल, आणि त्यावरून फिरणारा प्रोब. या लहरी माणसाच्या कानाला ऐकू येण्यापलीकडच्या असतात. यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही, म्हणून आयुष्यभर दर सहा महिन्यांनी केली तरी अपाय नाही. दुखत नाही. बरगड्यांच्या मधे प्रोब थोडा दाबावा लागतो, तेवढंच.

लिव्हर उजव्या बरगड्यांच्या आड, छातीच्या पडद्याला चिकटून बसलेलं असतं. त्याचा वरचा घुमटासारखा भाग फुप्फुसाआड लपतो, आणि गाठी चुकतात त्या बहुतेक तिथेच. म्हणूनच ‘मोठा श्वास घ्या, धरा’ असं आम्ही पुन्हा पुन्हा म्हणतो. श्वास घेतला की पडदा खाली सरकतो आणि लिव्हर बरगड्यांखालून बाहेर येतं. पोट फुगवून छाती न हलवणारा श्वास घ्यायचा, आणि ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मग डाव्या कुशीवर वळायला सांगतात, हात डोक्यावर घ्यायला सांगतात. त्याने बरगड्यांमधली जागा रुंदावते. हे तुमचं काम आहे आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. घरी दोन दिवस आधी श्वास रोखायचा सराव केलात तर तपासणी निम्म्या वेळात आणि दुप्पट चांगली होते.

गेवराईकडच्या एका मामांची सोनोग्राफी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. सिरोसिसमुळे सगळं लिव्हर खरबरीत, दाणेदार दिसत होतं. पाठीवर झोपलेले असताना काही वेगळं दिसलं नाही. डाव्या कुशीवर वळवून श्वास धरायला लावला, तेव्हा पडद्याच्या पांढऱ्या रेषेखाली एक काळपट गोल ठिपका क्षणभर सरकून गेला. पुन्हा श्वास, पुन्हा तोच ठिपका. कर्सर लावून मोजला: १४ मिलिमीटर. ‘मागच्या पाडव्याला तर काहीच नव्हतं की, मॅडम,’ मामा म्हणाले. नव्हतंच. पिशवीतला जुना रिपोर्ट काढून पाहिला, त्यात तो भाग नीट दिसला होता आणि स्वच्छ होता. म्हणजे गाठ नवी होती आणि लहान होती. वेळेवर आल्याचा हाच फायदा असतो.

एवढ्या लहान गाठी बहुधा अशाच काळपट दिसतात, काही मात्र त्यातल्या चरबीमुळे पांढऱ्या. चांगला तपासणारा गाठीबरोबर पोर्टल व्हेनही पाहतो. लिव्हरला रक्त आणणारी ही मोठी शीर कॅन्सरने आतून भरली गेली असेल तर उपचारांची दिशाच बदलते. शिवाय प्लीहेची लांबी आणि पोटातलं पाणी.

तपासणीनंतर एक प्रश्न विचारा: ‘लिव्हर पूर्ण दिसलं का?’ लाजू नका. जाड पोट, खूप चरबी भरलेलं लिव्हर, गॅस, आक्रसलेलं सिरोसिसचं लिव्हर, यांत अर्धा भाग दिसतच नाही असं होतं. यासाठी ठरलेली अक्षरं आहेत: ‘ए’ म्हणजे छान दिसलं, ‘बी’ म्हणजे थोडी अडचण, ‘सी’ म्हणजे फारच अपुरं. रिपोर्टवर हे अक्षर नसेल तर लिहायची विनंती करा. ‘सी’ असलेल्या सोनोग्राफीत ‘गाठ नाही’ लिहिलेलं असेल तर त्यावर निर्धास्त राहू नका. अशा माणसाला सीटी किंवा एमआरआयने तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा.

६. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट इंग्रजीत असतो, आणि घरात जो शिकलेला असेल तो गूगलवर एकेक शब्द टाकून सगळ्यांची झोप उडवतो. तेव्हा थोडे शब्द ओळखून ठेवा.

‘नो फोकल लिजन’ म्हणजे गाठ दिसली नाही. ‘कोर्स एकोटेक्श्चर’ म्हणजे लिव्हर खरबरीत, सिरोसिसकडे बोट. ‘हायपोएकोइक’ म्हणजे आजूबाजूपेक्षा काळपट, ‘हायपरएकोइक’ म्हणजे पांढरट. ‘एस ओ एल’ ही अक्षरं पाहून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. त्यांचा अर्थ एवढाच की लिव्हरच्या आत वेगळं काहीतरी जागा व्यापून आहे. ते कॅन्सर आहे असं ती अक्षरं सांगत नाहीत. मापं कधी मिलिमीटरमध्ये, कधी सेंटीमीटरमध्ये असतात. १४ मिलिमीटर म्हणजे १.४ सेंटीमीटर.

लिव्हरमध्ये दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी कॅन्सर नसतात. कडा स्पष्ट असलेली पांढरी गोल गाठ निरोगी लिव्हरमध्ये सापडली तर ती बहुधा हिमँजिओमा असते, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. फॅटी लिव्हरमध्ये पित्ताशयाजवळचा एखादा भाग चरबीशिवाय राहतो आणि काळ्या ठिपक्यासारखा दिसतो; तो तर आजारच नव्हे. थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणं, आणि सोनोग्राफीत मोठी काळपट गाठ: आपल्याकडे, विशेषतः दारू पिणाऱ्या तरण्या माणसात, हा बऱ्याचदा अमिबामुळे झालेला लिव्हरचा फोड निघतो. औषधाने तो बरा होतो. पण बरा झाल्यावरही पोकळीची खूण महिनोन् महिने दिसत राहते, म्हणून नव्या ठिकाणी तपासणी केली तर फोड होऊन गेल्याचं सांगाच.

मेंढपाळ कुटुंबांसाठी आणखी एक. मेंढ्या आणि कुत्री यांच्यातून येणाऱ्या जंतामुळे लिव्हरमध्ये हायडॅटिड नावाची पाण्याची गाठ होते. आत पडदे आणि छोट्या-छोट्या गाठी दिसतात. तिला तयारीशिवाय सुई टोचली तर आतलं पाणी सांडून जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. वाड्यावर मेंढ्या-कुत्री असतील तर हे डॉक्टरांना न विचारताच सांगा.

आणि एक नकोशी शक्यता. सिरोसिस नसलेल्या लिव्हरमध्ये अनेक गाठी दिसल्या तर कॅन्सर दुसरीकडे, म्हणजे आतडं, जठर, स्वादुपिंड किंवा स्तन यांत सुरू होऊन लिव्हरमध्ये पसरलेला असू शकतो. मग शोधही तिकडे घ्यावा लागतो.

७. सोबत एएफपी

एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच गाठी रक्तात सोडतात ते प्रथिन. त्याची ही रक्ताची साधी तपासणी सोनोग्राफीसोबतच करून घ्या. नुसत्या सोनोग्राफीने सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर पकडला जाण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. एएफपी जोडली की ते ६३ टक्क्यांवर जातं, असं २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. आकडा २० च्या वर गेला, किंवा दर वेळी चढत निघाला, तर सोनोग्राफी स्वच्छ असली तरी पुढची तपासणी हवी. २० च्या खाली आला म्हणून मात्र सोनोग्राफी टाळता येत नाही. पुष्कळ गाठी एएफपी सोडतच नाहीत.

८. गाठ दिसली तर

१ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर घाई नाही, पण सहा महिन्यांची ढिलाईही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, त्याच ठिकाणी.

१ सेंटीमीटर किंवा मोठी असेल तर ‘ट्रायफेजिक सीटी’ (शिरेत कॉन्ट्रास्ट नावाचं औषध सोडून तीन टप्प्यांत काढलेला) किंवा कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. साधा सीटी करून येऊ नका. पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही. निरोगी लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, कॅन्सरच्या गाठीला मात्र धमनीतून. त्यामुळे शिरेत औषध सोडल्यावर पहिल्या टप्प्यात गाठ भोवतालपेक्षा उजळते आणि नंतरच्या टप्प्यात उलट काळवंडते. सिरोसिसच्या माणसात ही खूण स्पष्ट मिळाली तर निदान पक्कं होतं, तुकडा काढायची गरज पडत नाही. म्हणून कुणी पहिल्याच भेटीत सुई घालून तुकडा काढू म्हणालं तर आधी ट्रायफेजिक सीटीबद्दल विचारा. सुईने रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजतात. सीटीआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करून घ्या. साखरेची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर सांगा.

या टप्प्यावर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मधे जाणाऱ्या महिन्यांची. कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषध सांगतं, कुणी दुसऱ्या गावचा वैद्य. सांगणारी माणसं जिवाभावाची असतात, त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मघाचं गणित आठवा, गाठ दर चार-सहा महिन्यांनी दुप्पट होते. शिवाय काही पाल्यांनी सिरोसिसचं लिव्हर आणखी बिघडतं. सीटी आधी, बाकी सगळं नंतर.

निदान झालं तर लहान गाठीला रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हने जाळणं, लिव्हरची ताकद चांगली असेल तर ऑपरेशन, आणि एक गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंत असतील तर लिव्हर बदलण्याचा विचार. सल्ल्यासाठी संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा. लिव्हर बदलण्यासाठी पुणे-मुंबई गाठण्याची तयारी ठेवावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि आपला उपचार यादीत आहे का ते दाखल होण्याआधी विचारा. बाहेरून केलेल्या सोनोग्राफीचे पैसे मात्र यातून मिळतील असं धरू नका.

९. घरच्यांना तपासा

कारण हिपॅटायटिस बी असेल तर नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण, सगळ्यांची एचबीएसएजी करा. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने जात नाही, त्यामुळे माणसाची भांडी वेगळी करू नका. घरात बाळंतपण होणार असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस मिळालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. आई बी पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपण कळताच हे डॉक्टरांना सांगा, कारण बाळासाठी आणखी एक इंजेक्शन लागतं.

घरातले जे निगेटिव्ह निघतील त्यांच्यासाठी लसीचे तीन डोस: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. पहिला डोस तुमच्या सोनोग्राफीच्या दिवशीच घेतला तर तिसरा बरोबर पुढच्या सोनोग्राफीच्या सुमारास येतो. तेव्हा दोघांनी एकाच गाडीने यावं.